पडद्यावरील रंगाचें वजनमाप

अमरावतीच्या एखाद्या कापडदुकानांत घटकाभर उभें राहिलें म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. साडीला शोभेल असें पोलक्याचें कापड निवडणारी गृहिणी दुकानांतील लखलखीत दिव्यांखालीं दोन्ही वस्त्रें शेजारीं शेजारीं ठेवते, मान हालवून पसंतीहि दर्शविते, आणि तरीहि मनाचें समाधान न झाल्यानें तीं उचलून दुकानाच्या पायरीवर, उजेडांत, घेऊन जाते. दुकानदारानें कितीहि आणाभाका घेतल्या तरी निकाल पायरीवरच लागावयाचा. दिव्याखालीं जुळ्या भावांसारखे भासणारे दोन रंग उन्हांत एकमेकांना ओळखहि देत नाहींत, हें तिनें अनुभवानें जाणलेलें असतें. याचें कारण गूढ नाहीं. निराळ्या रंगद्रव्यांनीं रंगविलेलीं दोन वस्त्रें एका विशिष्ट प्रकाशांत डोळ्यास सारखीच संवेदना देऊं शकतात. प्रकाश बदलला कीं त्यांचें सोंग उघडें पडतें. रंग हा केवळ वस्तूंत नसतो; वस्तु, तिजवर पडणारा प्रकाश आणि पाहणाऱ्याचा डोळा या तिघांच्या संगनमतानें तो निर्माण होतो. पदार्थविज्ञानांतील हा सिद्धान्त त्या पायरीवर एकहि पुस्तक न उघडतां रोज पडताळून पाहिला जातो.

रंगाविषयीं बोलावयाचें आणि श्रोत्यांनीं तें नुसत्या कानांनीं ऐकावयाचें, हा प्रकार थोडा विपरीत खरा. परंतु संगणक अथवा मोबाईल नाहीं असें घर आज विरळा. जेथें तो आहे तेथें छायाचित्रें आहेत, आणि जेथें छायाचित्रें आहेत तेथें ‘पडद्यावर तर छान दिसत होतें, मग कागदावर असें कां?’ हा प्रश्नहि आहे. संगणकाच्या पडद्याला मात्र दुकानाची पायरी नाहीं. तो बाहेर उन्हांत नेला तर मुळीं दिसेनासाच होतो! तेव्हां त्याच्यावरील रंगाची परीक्षा कशी करावयाची, हा आजचा विषय आहे.

अमरावतीहून थोड्याच अंतरावर, पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, भातकुली हें तालुक्याचें गांव आहे. आदिनाथाच्या जैन मंदिरामुळें त्याचें नांव दूरच्या यात्रेकरूंनाहि परिचित आहे. समजा, या गांवांत एक होतकरू छायाचित्रकार आहे. लग्नसराईंत दिवसा त्याला कॅमेऱ्यापासून आणि रात्रीं संगणकापासून उसंत नाहीं. एका लग्नाचीं हजार-दीड हजार छायाचित्रें. त्यांतून निवड करावयाची, कोठें चेहरा उजळावयाचा, कोठें सावली हलकी करावयाची. नवरीचे आईबाप येऊन पडद्यावर तीं पाहतात आणि संतुष्ट होऊन जातात. मग छायाचित्रें शहरांतील छापखान्याकडे रवाना होतात, आणि कांहीं दिवसांनीं जाडजूड आल्बम घरीं येतो. तो उघडतांच आईचा चेहरा उतरतो. मांडवांतील सगळीं माणसें जणूं तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत उभीं आहेत. शालूचा राणी रंग विटेसारखा झाला आहे. आणि मुलीचा चेहरा नुकत्याच तापांतून उठल्यासारखा पिंवळट दिसत आहे. आईबाप छायाचित्रकाराला दोष देतात, छायाचित्रकार छापखान्याला, आणि छापखानेवाला म्हणतो कीं, जे आकडे आले तेच छापले. बहुतेक वेळीं तिघेहि खरेंच बोलत असतात. म्हणूनच भांडण मिटत नाहीं. लग्न कांहीं पुन्हां लावतां येत नाहीं, आणि आल्बमाचे पैसे तर कोणाच्या तरी गांठीचे जावयाचेच.

या भांडणाचें मूळ ‘आकडे’ या शब्दांत आहे. संगणकाच्या स्मृतींत रंग नसतो, आकडे असतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठीं तांबड्याचा एक, हिरव्याचा एक आणि निळ्याचा एक असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंतचा. या तिहींच्या मेळानें १,६७,७७,२१६ प्रकार संभवतात. संख्या डोळे दिपविणारी आहे. परंतु ‘तांबडा २००’ म्हणजे किती तांबडा, हें त्या आकड्यावरून मुळींच कळत नाहीं. पूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे. चार शेर ज्वारी म्हटल्यानें ज्वारी किती हें कळत नसे. कोणत्या गांवचा शेर, असें विचारावें लागे. तो घोळ निस्तरण्यासाठीं १९५६ सालीं दशमान वजनमापांचा कायदा करावा लागला. संगणकाचे पडदे आपापल्या गांवच्या शेरानें रंग मोजून देत असतात.

त्यांतहि एक खोड सर्वसामान्य आहे. दुकानांत ओळीनें मांडलेल्या पडद्यांपैकीं जो अधिक झगझगीत आणि ज्याचा पांढरा किंचित् निळसर, तोच गिऱ्हाइकाच्या नजरेंत भरतो. म्हणून पुष्कळ पडदे कारखान्यांतूनच तसे लावून येतात. अशा पडद्यापुढें बसलेला छायाचित्रकार काय करतो? पडदा अति तेजस्वी, म्हणून तो चित्र नकळत काळवंडवितो. पडदा निळसर, म्हणून चित्रांत नकळत पिंवळेपणा घालतो. त्याच्या पडद्यावर या चुका एकमेकींस खोडून काढतात आणि चित्र साजिरें दिसतें. छापखान्यांत पडद्याची चूक पोंचत नाहीं. पोंचते ती केवळ त्याच्या हातची. मघाच्या आल्बमांतील तिन्हीसांज आणि तो ताप हे दोन्ही येथून आलेले असतात.

येथें कोणी म्हणेल, वर्षानुवर्षें रंगांत वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्याला एवढें कळूं नये काय? कळत नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषहि नाहीं. कावीळ झालेल्याला जग पिंवळें दिसतें असें लोक म्हणतात. निरोगी डोळ्याची खोड तर याच्या उलट आहे. पिंवळ्या जगालाहि तो पांढरें ठरवितो! रात्रीं पिंवळ्या दिव्याखालीं वाचलेल्या पुस्तकाचा कागद पांढराच वाटतो, आणि दुपारीं अंगणांत वाचतांनाहि तो पांढराच वाटतो; वस्तुतः त्या दोन वेळीं डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशांत महदंतर असतें. सभोंवतीं जें सर्वांत उजळ त्यालाच पांढरें मानून डोळा आणि मेंदू बाकीचे रंग त्यावरून लावून घेतात. संसारांत हा गुण मोठा उपकारक आहे. तो नसता तर सकाळीं पिकलेला वाटलेला आंबा दिवेलागणीस कच्चा वाटला असता. परंतु रंग मोजण्याच्या कामीं हाच गुण घात करतो. पडद्यापुढें पांच-दहा मिनिटें बसलें कीं त्या पडद्याचा निळसर पांढरा हाच जगाचा पांढरा होऊन बसतो.

शेजारचा रंगहि डोळ्याला फसवितो. फ्रान्समध्यें गोबलँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यांत १८२४ सालीं शेव्हरल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा मुख्य म्हणून आला. तेथील काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार होती. त्यानें तपास केला तों काळ्या रंगांत कांहींच उणें नव्हतें. शेजारीं विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो फिका भासत होता. या विषयावरील त्याचा मोठा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला.

डोळ्याच्या भरंवशावर रंग सोडला कीं पोटावर पाय कसा येतो, हें खरें म्हणजे वऱ्हाडांतील शेतकऱ्याला शिकवावयास नको. ज्या कापसामुळें अमरावतीचें नांव ‘ऊमरा’ असें अपभ्रष्ट होऊन लिव्हरपूलच्या बाजारांत गाजलें, त्या कापसाची किंमत धाग्याच्या लांबीबरोबर रंगावरहि ठरत आलेली आहे. बोंडें फुटल्यावर परतीचा पाऊस झाला तर कापूस पिंवळट किंवा करडा पडतो, कवडी निराळी काढावी लागते, आणि भाव उतरतो. पूर्वीं ही पारख सर्वस्वीं नजरेची असे. म्हणून मोठ्या बाजारांतील पारखी उत्तरेकडून प्रकाश येईल अशा खोलींत, जेथें प्रत्यक्ष ऊन शिरत नाहीं तेथें, प्रमाण नमुन्यांच्या पेट्या जवळ ठेवून काम करीत. एवढी खबरदारी घेऊनहि सकाळचा पारखी आणि सायंकाळचा पारखी यांचें एकमत होईलच असें नसे, आणि मतभेदाचा भुर्दंड बहुधा विकणाऱ्याच्या माथीं बसे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांनीं कापसाचा रंग मोजणारें यंत्र सिद्ध केलें. तें दोनच गोष्टी सांगतें: कापूस किती प्रकाश परत फेंकतो, आणि त्यांत पिंवळेपणा किती आहे. आज कापसाची परीक्षा करणाऱ्या यंत्रांत हीं दोन्ही मापें घेतलीं जातात. मुंबईस माटुंगा येथें १९२४ सालीं सुरू झालेली कापसाची प्रयोगशाळा अशाच कामासाठीं प्रसिद्ध आहे. यंत्राच्या आकड्याशीं हुज्जत घालतां येत नाहीं असें नव्हे. पण ती हुज्जत निदान एकाच गोष्टीविषयीं चालते.

पडद्यावरील रंगालाहि असें माप उपलब्ध आहे आणि त्याचा पाया १९३१ सालीं घातला गेला. तत्पूर्वीं इंग्लंडांत राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें प्रयोग केले होते. निरीक्षकापुढें एका बाजूस इंद्रधनुष्यांतील एक शुद्ध रंग ठेवावयाचा, दुसऱ्या बाजूस तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो हुबेहूब जुळवावयास सांगावयाचा, आणि त्यासाठीं प्रत्येकाचें प्रमाण किती लागलें हें टिपून ठेवावयाचें. राइटनें दहा आणि गिल्डनें सात माणसें तपासलीं. या सतरा जणांच्या नजरेची सरासरी काढून आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगानें ‘प्रमाण निरीक्षक’ नांवाचा एक काल्पनिक पुरुष उभा केला. मौज अशी कीं, इंग्लंडांतील त्या सतरा जणांच्या डोळ्यांवर भातकुलीच्या हळदीचा पिंवळा रंग आज ठरविला जातो! पुढें १९९३ सालीं संगणक आणि छायाचित्रण या व्यवसायांतील आठ कंपन्यांनीं एकत्र येऊन एका यंत्राचा रंग दुसऱ्या यंत्राला कसा समजावून द्यावयाचा याची समान रीत ठरविली. १९९६ सालीं ह्यूलेट-पॅकर्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनीं ‘एसआरजीबी’ हें परिमाण सुचविलें व १९९९ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक झालें. त्यांत तांबडा, हिरवा, निळा म्हणजे नेमके कोणते आणि पांढरा म्हणजे नेमका कोणता, हें निश्चित केलेलें आहे. ‘तांबडा २००’ या शब्दांना येथें अर्थ प्राप्त झाला. उरलें तें एवढेंच कीं, घरांतला पडदा त्या परिमाणाशीं जुळवून घ्यावयाचा.

हें काम करणारें यंत्र मुठींत मावेल एवढें असतें. पडद्याच्या वरच्या कडेवरून तें दोरीनें सोडून कांचेला अलगद टेकवितात आणि त्याची तार संगणकाला जोडतात. मग संगणक पडद्यावर एकामागून एक रंगीत चौकोन दाखवितो, यंत्र प्रत्येक चौकोनाचा प्रकाश मोजतें, आणि दाखवावयाचा कोणता होता व दिसला कोणता यांतील फरक टिपला जातो. प्रथम तीन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. पहिली, पांढरा कोणता. तापविलेलें लोखंड आधीं तांबूस, मग पिंवळें, मग पांढरें दिसतें, हें लोहाराच्या भट्टीवर कोणीहि पाहिलें असेल. त्याच न्यायानें प्रकाशाच्या छटेला उष्णतामानाचा आकडा देतात. जुन्या विजेच्या दिव्याचा प्रकाश सुमारें २७०० केल्विन, आणि पडद्यासाठीं मान्य झालेला पांढरा, जो दिवसाच्या साधारण उजेडाशीं जुळतो, तो ६५०० केल्विन. दुसरी गोष्ट तेजाची. छपाईसाठीं काम करणाऱ्या पडद्याचें तेज दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलांच्या दरम्यान ठेवतात; नवा पडदा पुरा उजळला तर याच्या दुपटी-तिपटीनें तेजस्वी असूं शकतो. अल्बम काळे येण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच, आणि तें यंत्रावांचूनहि बरेंचसें दूर करतां येतें. तिसरी गोष्ट मधल्या छटांची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण कशी असावी याची. तिचा रूढ आकडा २.२ हा आहे.

इतकें झाल्यावर जो थोडा दोष पडद्यांत उरतोच, तो यंत्र एका पत्रकांत नोंदवून संगणकापाशीं ठेवतें. या पत्रकाला ‘प्रोफाइल’ म्हणतात. त्यास पडद्याची जन्मपत्रिका म्हणावयास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, हींतील ग्रह मोजून मांडलेले असतात. चांगले चित्रसंस्कारक कार्यक्रम ती पत्रिका वाचतात आणि पडदा ज्या बाजूला झुकतो त्याच्या उलट बाजूला रंग तितकाच कलता करून दाखवितात. छापखान्याच्या यंत्राची व कागदाची अशीच पत्रिका असते, आणि चांगला छापखाना मागितल्यास ती देतो.

मापाला बसण्यापूर्वीं खोलीची व्यवस्था लावणें अवश्य आहे, आणि येथें मात्र पैसा लागत नाहीं. पडदा अर्धा तास आधीं चालू ठेवावा. सभोंवतींच्या उजेडानुसार तेज आपोआप कमीजास्त करण्याची, तसेंच रात्रीं पडदा पिंवळसर करण्याची जी सोय हल्लीं असते, ती बंद करावी. झोपेसाठीं ती हितकर असो वा नसो, रंगाच्या कामाला ती विषासमान आहे. खिडकीचा उजेड थेट कांचेवर पडूं देऊं नये. समोरची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिचा रंग पडद्यांत उतरतो. खेड्यांतील स्टुडिओ नेमके याच रंगांनीं रंगविलेले असतात, हें दुर्दैव. इतकेंच काय, काम करणाऱ्यानें भडक तांबडा सदरा घालून बसूं नये. हें मापन महिन्यांतून एकदां पुन्हां करावें, कारण पडद्याचा दिवा वापरानें बदलत जातो. यंत्राची किंमत हजारांच्या घरांत असल्यामुळें लहान गांवांतील व्यावसायिकास ती जड वाटेल. परंतु एका पडद्याला तें महिन्यांतून अर्धा तासच लागत असल्यानें तालुक्यांतील चौघांनीं मिळून एक घेतलें तरी चौघांचें भागतें. आपसांत गिऱ्हाईक पळविण्याची चढाओढ असणारे चौघे याला तयार होतील कीं नाहीं, हा निराळा प्रश्न!

ज्याच्यापाशीं यंत्र नाहीं त्यानें निदान एक करावें. पडद्याशेजारीं पांढरा कोरा कागद साध्या वाचनाच्या उजेडांत धरून पडद्यावरील पांढऱ्याचें तेज त्या कागदाच्या बेताचें होईपर्यंत उतरवावें. आणि संपूर्ण आल्बम छापावयास देण्यापूर्वीं एकच पान छापून आणावें. त्या एका पानाची किंमत फारशी नाहीं, आणि तें न छापल्यामुळें होणारीं भांडणें मात्र महाग पडतात.

हा सगळा खटाटोप लग्नाच्या आल्बमापुरताच आहे असें कोणी समजूं नये. कपाशीचीं पानें तांबडीं पडूं लागलीं कीं वऱ्हाडांत त्यास ‘लाल्या’ म्हणतात. त्याचें मूळ नत्राच्या किंवा मॅग्नेशियमच्या उणिवेंत असूं शकतें. तुडतुड्यांच्या उपद्रवानेंहि पानांच्या कडा पिंवळट व तांबूस होतात. आजचा शेतकरी पानाचें छायाचित्र मोबाईलवरून अकोल्याच्या कृषि विद्यापीठांतील किंवा गांवच्या कृषि-सहायकाच्या नजरेस घालूं शकतो. परंतु मोबाईल स्वतःच्या अकलेनें रंग बदलतो, आणि पाहणाऱ्याचा पडदा त्यांत आपली भर घालतो. औषधाची फवारणी करावयाची कीं खत द्यावयाचें, हा निर्णय अशा दुहेरी चुकलेल्या तांबड्यावर व्हावा हें बरें नव्हे. त्यावर उपाय सोपा आहे. पान सावलींत, झाडाच्या फार दाट हिरवाईपासून दूर धरावें आणि त्याच्या शेजारीं कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून दोहोंचें एकत्र छायाचित्र घ्यावें. तो कागद पाहणाऱ्याला निळसर किंवा पिंवळट दिसला तर पानाच्या रंगांतून तेवढें वजा करावयाचें, हें त्याला आपोआप समजतें.

मापाच्या पडद्यामुळें एक अप्रिय गोष्टहि उजेडांत येते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी छपाईची यंत्रें जुळविण्यासाठीं प्रयोगशाळांना एका तरुणीचें प्रमाणचित्र पाठवीत असे. पहिल्या तरुणीच्या नांवावरून अशा चित्रांना ‘शर्ले कार्ड’ हें नांव पडलें. ती गोरी होती. तिचा चेहरा बरोबर उमटला म्हणजे रंग बरोबर, असें मानलें जाई. सांवळे आणि काळे चेहरे त्या मापांत दबून जात. गंमत म्हणावी कीं शोकांतिका, पण फिल्ममध्यें सुधारणा होण्यास चॉकोलेट आणि लांकडी सामान बनविणाऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ अंशीं कारण झाल्या, कारण त्यांच्या मालाचे तपकिरी रंग नीट उमटत नसत. तो काळ गेला. आज यंत्र सांवळा रंग सांवळाच दाखवूं शकतें. मात्र स्टुडिओंत बसलेला माणूस, आणि पुष्कळदां त्याच्या पाठीशीं उभे असलेले मुलीचे नातेवाईकच, तो पुसून टाकावयास सांगतात. मुलीची अंगकांति चार छटा उजळ करून तिला तिच्याच आल्बमांत अनोळखी करून टाकणें, हा दोष कोणत्याहि पडद्याचा नाहीं. माप केलेल्या पडद्यावर तें केलें तर निदान काय केलें हें स्पष्ट दिसतें, आणि ‘छापखान्यांत असें झालें’ ही सबब उरत नाहीं.

पडदा कितीहि शुद्ध केला तरी कागद त्याची पूर्ण बरोबरी करीत नाहीं, हेंहि घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. पडदा स्वतःच्या प्रकाशानें रंग दाखवितो. कागदापाशीं स्वतःचा प्रकाश नाहीं, त्याच्यावर जो पडेल त्यांतून शाई कांहीं गिळते आणि उरलेला परत देते. म्हणून पडद्यावरील कांहीं लखलखीत निळे आणि हिरवे रंग शाईला गांठतांच येत नाहींत. आल्बम पाहावयाचा तर दिव्याखालीं न पाहतां सकाळच्या उजेडांत, ओसरीवर पाहावा, आणि शंका आली तर पेटींतला शालूच काढून पानाशेजारीं ठेवावा. पोत जुळेल, राणी रंगहि बराचसा जुळेल. जर मात्र जुळणार नाहीं. जरीचें सोनेरीपण हा रंग नसून झळाळी आहे. शालू हालविला कीं ती जागा बदलते, आणि कागदावर ती एका जागीं थांबून पिंवळी होते.